बाटलीतलं तळं

"या तळ्याच्या वासात माझा जीव गुदमरतो," असं सांगून बायको बहिणीकडे राहायला निघून गेली, तेव्हा तळ्याच्या राखणदाराने मनाशी एकच खूणगाठ बांधली, वास घालवायचाच.

सहा वर्षं तो हात धुऊन त्या पाण्याच्या मागे लागला. वस्तीतून येणारं सांडपाणी आधी खडी-वाळूच्या थरांतून गाळलं, मग तळ्यात तरंगते वाफे सोडून त्यांवर कर्दळ लावली. कर्दळ घाण शोषून माजली, की स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून छाटायचा. दर महिन्याला एक बाटली भरून खोलीच्या खिडकीत ठेवायचा. पहिली बाटली कोऱ्या चहासारखी होती. आजची बाटली भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर धरली, तर तिच्यातून तारीख वाचता आली.

काठावर दोघांपुरतं एक बाक त्याने आपल्या हातांनी ठोकलं होतं. तिकडे अजून चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

त्याने फोन लावला. "अगं, वास पार गेला! तपासणीचा कागदच आलाय हातात. कधी येतेस? घ्यायला येऊ का?"





"छान झालं हो," ती पलीकडून म्हणाली. "पण तळं एवढं स्वच्छ झालं म्हणजे आता तिथे माणसांची झुंबड उडत असेल. आणि मला मेलीला गर्दी सोसत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"