थांबलेले हात

"तो तुकडा दाखवा," बाबा दारातूनच म्हणाले.

संकलकाने मुलीकडे पाहिलं. तिने नजर चुकवली आणि उगाचच हेडफोनची वायर गुंडाळायला घेतली. बाप-लेकीच्या मैफलीची फिल्म तयार होत आली होती. त्यांचा तबला आणि तिचं इलेक्ट्रॉनिक संगीत. सभागृहात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. घरी मात्र त्या दिवसापासून बाबा तिच्याशी कामापुरतंच बोलत होते.

"काका, तिथे मी प्रेक्षक दाखवलेत," संकलक म्हणाला. "कुणाला पत्ताही लागणार नाही."

"मला लागलाय ना? लावा."

पडद्यावर बाबांचे हात भरधाव चालले होते. मधेच उजव्या हाताची बोटं आखडली. त्यांनी ती झटकली, पुन्हा तबल्यावर ठेवली. बोटं उठेनात. डावा हातही थांबला. आणि तबला मात्र वाजतच राहिला. तोच नाद, काठावरची तीच खणखणीत चाट.

"बघा. मी बसलोय दगडासारखा आणि माझा तबला चाललाय," बाबा म्हणाले. "हिने माझे बोल मशीनमध्ये भरून ठेवलेत. दाबलं बटण की झालं. मग मी कशाला हवा? माझं नाव काढून टाका फिल्ममधून. एवढंच सांगायला आलो होतो."

मुलीने वायर सोडली, पुन्हा गुंडाळली. सांगायचं तरी काय? तिने तबला सोडला तेव्हा घरात महाभारत झालं होतं. आता त्यांचे हात थांबल्यावर, भरल्या सभागृहात, त्यांच्या जागी आपणच वाजवलं म्हणून सांगायचं? त्यापेक्षा मशीनवरचा राग परवडला.

"चला ना बाबा, घरी बोलू."

"थांब जरा." बाबांनी मान स्पीकरकडे वळवली होती. "मागे घ्या हो. परत लावा."

डोळे मिटून त्यांनी ऐकलं. ती दाराकडे गेली, तिथून परत आली.

"मशीन लय सोडतं का हो कधी?" बाबांनी संकलकाला विचारलं.

"छे! जन्मात नाही."

"मग समेवर येताना ही घाई कुणी केली?"

संकलक गोंधळला. "काका, हिच्यावरचा कॅमेराही आहे की," असं म्हणून, तिने मान हलवायच्या आत त्याने तो लावलासुद्धा.

पडद्यावर ती होती. दहाही बोटं रबरी पॅडवर पडत होती, तबल्याचा एकेक बोल काढत होती. केस कपाळाला चिकटलेले. तिचं लक्ष पॅडकडे नव्हतंच. डोळे लागले होते ते बाबांच्या थांबलेल्या हातांवर.

बाबा पडद्याच्या जवळ सरकले.

"कधीपासून चाललाय हा रियाज?" त्यांनी वळूनही न बघता विचारलं.

"बंद कधी केलाच नव्हता," ती म्हणाली. "तुमच्यासमोर बसणं बंद केलं होतं फक्त."

बाबांनी त्या दिवशी आखडलेली बोटं डाव्या हाताने दाबली, सोडली, पुन्हा दाबली. मग संकलकाला म्हणाले, "प्रेक्षक काढा. माझे हात दाखवा, मग हिचे. जसं झालं तसं."

"ठेवतो काका. आणि ती समेवरची घाई नीट करून टाकतो. मिनिटभराचं काम आहे."

"तिला हात लावायचा नाही," बाबा म्हणाले. "ती आमच्या घरची आहे."