खिशाचं बटण

प्रार्थना अर्ध्यावर आली आणि आजोबांनी तिचा हात दाबला. मग पुन्हा दाबला, जरा जोरात.

तिने डोळे उघडले नाहीत. कालच कानाला खडा लावला होता तिने. काल ऐन प्रार्थनेत आजोबांचं पोट गुरगुरलं आणि तिला फिस्सकन हसू फुटलं. झालं! या घरचा नियमच असा, की संध्याकाळी सगळ्यांनी गोल बसायचं, हातात हात धरायचे, डोळे मिटायचे. मध्येच कुणी बोललं, हसलं किंवा हात सोडला, की प्रार्थना परत पहिल्यापासून. मग पायाला मुंग्या येवोत, नाहीतर गॅसवरची भाजी करपो. काल ती पहिल्यापासून झाली, आणि शेवटी आजोबांना उठवायला दोघंजण लागले.

"वकिलीणबाई," ते गुडघे चोळत म्हणाले, "हसलात तुम्ही आणि शिक्षा आमच्या गुडघ्यांना. कुठला हा न्याय?"

वकिलीणबाई हे तिचं घरातलं नाव. तोंडाचा पट्टा सदा चालू, म्हणून. तिने त्यांना शब्द दिला, की उद्या हूं की चूं करणार नाही.

आणि चोरून बघायची तर सोयच नव्हती. बाबांना सगळं कळायचं.

"पण तुमचे तर डोळे मिटलेले असतात," तिने एकदा वाद घातला होता. "मग तुम्हाला कसं कळतं?"

"मनात भाव असला, की मिटल्या डोळ्यांनीही दिसतं," बाबा म्हणाले होते. बाबांचं औषधांचं दुकान होतं. गल्लीत डॉक्टरांपेक्षा त्यांचा शब्द चालायचा. तिच्यावरही चालला.

आजोबांनी आणखी एकदा हात दाबला, आणि मग सोडलाच. आता मात्र तिने एक डोळा किलकिला केला.

आजोबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळ घामाने डबडबलं होतं. त्यांची बोटं सदऱ्याच्या खिशाशी धडपडत होती. त्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असायची. बाबांनीच दुकानातून आणून दिलेली, "छातीत कळ आली की लगेच, वाट बघायची नाही" असं बजावून. वाकलं की पुडी खाली पडते, म्हणून आईने खिशाला बटण लावून दिलं होतं. तेच बटण आता त्यांच्या बोटांना सापडत नव्हतं. ओठ हलत होते. आवाज फुटत नव्हता.

ती तोंड उघडणार, इतक्यात बाबांचा आवाज चढला. तिचा दुसरा हात बाबांच्या हातात होता. त्यांनी तो करकचून आवळला. चोरी पकडली गेली, तिला वाटलं. तिने डोळे गच्च मिटून घेतले. बोललं की परत पहिल्यापासून. आजोबांना परत तेवढा वेळ बसावं लागणार. त्यापेक्षा संपू दे. संपली की आधी गोळी, मग बाकी सगळं. दोनच तर कडवी उरली होती. तिने ती मनातल्या मनात पळवली. बाबांनी ती रोजच्यासारखीच म्हटली. सावकाश, शब्द न् शब्द सुटा.

प्रार्थना संपली तेव्हा आजोबा आईच्या खांद्यावर कलंडले होते. बटण तसंच लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरात माणसांची रीघ लागली. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. शेजारची मावशी म्हणाली, "पोरीची वाचाच गेली गं." एक हाक. एवढ्या बडबड्या मुलीला एक हाक मारता आली नाही. आजोबांना आपणच मारलं, आणि ते कुणापाशी बोलायची छाती नाही, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

बाबा मात्र शांत होते. येणाऱ्या प्रत्येकाला जवळ बसवून सांगत होते.

"असं मरण मागून मिळत नाही. प्रार्थनेत गेले. हात असा हळूच काढून घेतला, छातीवर ठेवला, काळजाशी. ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते शेवटपर्यंत. काय चेहरा होता सांगू! मध्ये थांबावंसंच वाटेना."

माणसं माना डोलवत होती. एका म्हाताऱ्याने डोळे पुसले.

तिने मान वर केली. काळजाशी नाही, खिशाशी. आणि हात सुटला होता, तर काल प्रार्थना पहिल्यापासून का नाही झाली?

"बाबा," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "तुमचे डोळे मिटलेले होते ना?"

आईच्या हातातल्या ट्रेमधले पेले किणकिणले. बाबांनी माणसांकडे बघून मंद हसल्यासारखं केलं.

"लाडकी होती त्यांची. हबकलीय," ते म्हणाले. "चला, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या. डोळे मिटा सगळ्यांनी."

सगळ्यांनी मिटले. आईने तर इतके घट्ट, की पापण्या थरथरत होत्या. तिने मात्र नाही मिटले. त्या सगळ्या मिटलेल्या डोळ्यांवरून तिची नजर फिरत फिरत समोर पोचली. तिथे आणखी दोन डोळे उघडे होते, आणि थेट तिच्याकडेच बघत होते.

तिने नजर हलवली नाही. बाबांनी आवाज चढवला.