सात नंबरची डबी

त्या पत्राला म्हाताऱ्या तंत्रज्ञाने उत्तर दिलं नव्हतं. प्रयोगशाळेतल्या त्याच्या खणात एक जाडजूड शब्दकोश होता, त्यात ते दोन वर्षं पडून होतं. पत्र एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं.

'गेल्या वर्षी माझ्या शौचाच्या नमुन्यात तुम्हाला जंतू दिसले. सहा महिने टीबीच्या गोळ्या घेतल्या. पोट आधी दुखायचं तसंच दुखतं. सून अजून माझं ताट वेगळं ठेवते, नातीला माझ्या हातचा घास घेऊ देत नाही. ते जंतू खरंच टीबीचे होते का? पाहणारे तुम्ही, म्हणून तुम्हालाच विचारते.'

"सात नंबर कोण हो?" नव्या डॉक्टरबाई मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता म्हणाल्या. "याच्या पोटात तर संमेलन भरलंय!"

पोटाच्या रुग्णांत सापडणाऱ्या जंतूंचा त्या अभ्यास करत होत्या. तुलनेला धडधाकट माणसंही हवीत, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी इथल्या सगळ्यांना शौचाच्या नमुन्यासाठी डब्या वाटल्या होत्या. नावं नाहीत, नुसते नंबर.

काचा पुसत असलेल्या तंत्रज्ञाने हात वर केला. उत्तराची खात्री नसलेला विद्यार्थी करतो तसा, कोपरापर्यंतच.

"अगंबाई! काका, तुम्ही?"

त्याने येऊन भिंगातून पाहिलं. निळ्यावर लाल काड्या. हे चित्र दिसलं की तीस वर्षं तो एकच गोष्ट लिहीत आला होता.

"टीबी?" त्याने विचारलं.

"छे हो! ही बाटली बघा, यात तुमच्याच नमुन्यातले जंतू वाढवलेत. पाचव्या दिवशीच पिवळी साय धरलीय. टीबीचे जंतू एवढे चपळ कुठले? त्यांना तीन-तीन आठवडे लागतात. शिवाय जनुकांची चाचणीही केलीय मी. हे त्यांचे लांबचे भाऊबंद. मातीत राहतात, नळाच्या पाण्यात राहतात. पोटात येतात आणि बहुतेक वेळा आल्या वाटेने निघून जातात. एखाद्या अशक्त माणसाला त्रास देतात, नाही असं नाही. पण स्लाइडवर रंग चढला की सख्खे भाऊ वाटतात. नुसतं बघून ओळखूच येत नाहीत."

तो कपाटाशी गेला, तीन वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. पान शोधावं लागलं नाही; तिथे आधीपासूनच कागदाचा कपटा होता. वही त्याने डॉक्टरबाईंच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी मोठ्याने वाचलं. "शिवणकाम, वय एकसष्ट. स्लाइडवर लाल काड्या. टीबी. आणि खाली… बाटलीत पाचव्या दिवशी पिवळी वाढ. बाहेरून पडलेली घाण. बाटली फेकली." त्यांनी वर पाहिलं. "अक्षर कोणाचं?"

"माझं."

"पण काका, पाच दिवसांत टीबी उगवत नाही, हे तुम्हाला…"

"माहीत होतं. म्हणूनच घाण म्हटलं."

बाईंनी वही मिटली. त्याने शब्दकोशातलं पत्र काढून त्यांना दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"यांचा नमुना आता कुठे असणार?"

"नाही. पण माझा आहे. मॅडम, मला माझा अहवाल लिहून द्याल? नावानिशी."

"नाव? काका, असल्या अहवालावर लोक नाव खोडून मागतात!"

"असू दे. लिहा."

दुपारी जेवायच्या सुट्टीत तो लिहायला बसला. पहिलं पत्र चार पानी झालं. त्यात साडेतीन पानं माफी होती. ते फाडलं. दुसऱ्यात शास्त्र फार झालं. तिसऱ्याला त्याने पाठकोरा कागद घेतला, म्हणजे जास्त लिहिता येणार नाही.

'ताई, तुमच्या नमुन्यातले जंतू टीबीचे नसावेत. ते ओळखायची खूण माझ्या हातात होती, ती मीच फेकून दिली. आता शंभर टक्के सांगता येणार नाही. पोट अजून दुखत असेल तर इथे या, नव्या डॉक्टरबाई नीट तपासतील. टीबी असता, तरी एवढ्या गोळ्यांनंतर तो ताटावरून कुणाला लागला नसता. एवढं तर मी तुमचं पत्र आलं त्याच दिवशी लिहू शकत होतो. सोबत माझा अहवाल आहे. तसलेच जंतू माझ्या पोटात आहेत. मी घरी सगळ्यांबरोबर जेवतो, नातवाचं उष्टंही मीच संपवतो. अहवाल सूनबाईंना दाखवा.'

अहवालांवर तो नेहमी एक वेटोळं काढून सही करी. इथे त्याने पूर्ण नाव लिहिलं, पाकिटाच्या मागे पत्ताही.

फाटकाजवळच्या टपालपेटीत त्याने पाकीट टाकलं. ते खाली पडल्याचा आवाज झाला. तरीही तो फटीत बोटं घालून उभा राहिला, ते अडकलं तर नाही ना, हे चाचपत.