सरुबाईचा हंडा

चाळीच्या नळाला पाणी सकाळी जेमतेम तासभर यायचं. माझा नंबर लागला आणि तेवढ्यात आमचे हे राखोलीच्या कारखान्यातून रातपाळी करून लंगडत आले. वाटेत पिसाळलेलं कुत्रं पोटरीला चावलं होतं. "चंदा, घरातून मिरचीपूड आण, जखमेत भरू," म्हणाले. "मिरची भगवंतलाही भरली होती," मी म्हटलं. भगवंत म्हणजे सरुबाईचा मुलगा, गेल्या साली कुत्रं चावूनच गेला. सरुबाई भरलेला हंडा कमरेवर घेऊन शेजारीच उभी होती, तरी मी जीभ आवरली नाही. ह्यांचा पाय धारेखाली ओढला आणि कपड्यांच्या साबणाची वडी जखमेवर चोळू लागले. रांग खवळली. "अगं चंदे, पानी जाईल ना! आमी दिवसभर काय पिऊ?" "ओरडा खुशाल! दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बजावलंय, आधी साबण आणि वाहतं पाणी, तेही चांगला वेळ. मग तडक सिल्वासाला, सुया घ्यायला. एकही सुई चुकवायची नाही. ह्यांना मी काही होऊ द्यायची नाही, आणि जखम धुऊन होईपर्यंत इथून हलायचीही नाही." तेवढ्यात नळ गुरगुरला आणि धार तुटली. पोटरीवर फेस तसाच. सरुबाई पुढं आली, तिनं कमरेवरचा हंडा तिरका केला आणि जखमेवर बारीक धार धरली. "चोळ, पोरी." मी चोळत राहिले. हंडा रिकामा झाला, तशी ती हंडे भरून थांबलेल्या बायकांकडं वळून म्हणाली, "दुसरा आना."