मोरवेलीचा गुण

पावर हाउस भागातल्या बाजारातून भाजी आणायचं नाव काढलं, की मारोतरावांचा गुडघा दुखायला लागायचा. त्या दिवशीही ते गुडघा धरून खाटेवर आडवे झाले. पण अनसूयाबाई भांडल्या नाहीत. कोहका वस्तीतल्या आपल्या घरामागे कुंपणावर पांढऱ्या फुलांनी लगडलेली मोरवेल त्यांनी फडक्यात धरून ओढून आणली, नवऱ्याला दाखवली आणि आत जाऊन पाट्यावर वाटायला बसल्या.

"काय करून राहिली वं?" मारोतरावांनी खाटेवरूनच विचारलं.

"औषध. बैलाच्या जखमेत किडे पडले, का आमचा बाबा हाच रस पिळे. बैल दावं तोडून पळे."

"अन् मानसाले लावलं तं?"

"टरारून फोड येते. पन गुडघ्याची याद नाही राहत मंग."

हिरवागार गोळा घेऊन त्या बाहेर आल्या, तोवर मारोतराव थैली घेऊन फाटकाबाहेर पळाले होते.

भाजी घेऊन ते परतले, तर मोरवेल मोरीपाशी जशीच्या तशी पडलेली. वाटायला एक पानही खुडलेलं नव्हतं. अनसूयाबाईंनी गरम भज्यांसोबत पाट्यावरची हिरवी चटणी पुढे सरकवली.

"घ्या जी, तुमचं औषध. आता पोटातून घ्या."