तिसरं मशीन

"मशीन दाखवतो की. आधी तुमचं वाजवून दाखवा," असं म्हणून विलासनं सौरभच्या हातात वायर दिली.

सौरभनं पाठीवरची बॅग उतरवून बेस गिटार बाहेर काढली. मुठा गावातल्या त्या घराच्या पडवीत कोपरे घासलेला एक जुना अँप्लिफायर तेवढा होता. विकायची मशीनं आतल्या खोलीत असतील, असं त्यानं गृहीत धरलं आणि वायर जोडली.

सौरभ मूळचा परभणीचा. नोकरीसाठी पुण्यात आला, सूसला भाड्यानं राहू लागला आणि ऑफिसच्या बँडमध्ये बेस वाजवू लागला. एवढ्या मोठ्या शहरात त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. पण मागच्या कार्यक्रमानंतर बँडची गायिका मेधा त्याला बाजूला घेऊन म्हणाली होती की, तुझे सूर बरोबर असतात, ताल बरोबर असतो, पण आवाजात जीव नाही. पुढच्या महिन्यातल्या वार्षिक कार्यक्रमात बेसचं काम कीबोर्डवर भागवावं, असं बाकीच्यांचं म्हणणं होतं. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीनं बोलली, म्हणून ते जास्त लागलं.

दोष सामानाचा आहे, हे सौरभनं त्याच रात्री ठरवून टाकलं. तळहाताएवढ्या डब्यातून पन्नास मोठमोठ्या अँप्लिफायरचे आवाज काढणारे प्रोसेसर बाजारात मिळतात. नामांकित होते ते साठ हजारांच्या घरात, आणि त्याची झेप पंधरापर्यंत. स्वस्तातल्यांबद्दल दहा लोक दहा तऱ्हा सांगत. कुणी म्हणे खालचे सूर पातळ होतात, कुणी म्हणे आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. तीन आठवडे त्यानं व्हिडिओ पाहिले, तुलनेचा तक्ता केला आणि होता त्याहून जास्त गोंधळला. तेवढ्यात विलासची जाहिरात दिसली. तीन जुनी मशीनं, ऐकून ठरवा.

विलास आठवडाभर भातशेती बघायचा आणि शनिवार-रविवार मुळशी धरणाकाठच्या रिसॉर्टांत बेस वाजवायचा. लोकांची जुनी मशीनं घ्यायची, दुरुस्त करून विकायची, हा त्याचा जोडधंदा. सौरभ वाजवत होता तेव्हा तो खाली बघत ऐकत राहिला. गाणं संपल्यावर तारांवरच्या बोटांकडं खूण करून त्यानं एवढंच विचारलं, "उजवा हात कायम हितंच ठेवता व्हय?"

सौरभ म्हणाला, सवयच आहे तशी.

मग त्यानं मोबाइलवरचा तक्ता दाखवला. विलासनं तो मन लावून पाहिला, एवढा अभ्यास केल्याबद्दल मनापासून कौतुकही केलं. डब्यात आवाज किती आहेत हे मोजत बसू नका, असं त्याचं म्हणणं पडलं. माणसाला जन्मभर दोन-तीनच लागतात. ते भरीव असले आणि खालचा सूर हलला नाही, की झालं.

"आता त्या भाताकडं तोंड करून बसा," तो म्हणाला. "मशीन बघितलं की माणूस किंमत ऐकतो. गिटार तुमचीच द्या, म्हंजी फरक कळंल."

सौरभ पडवीच्या पायरीवर पाठमोरा बसला. समोर भात पिवळं पडत आलं होतं. मागं खुर्ची सरकली, वायर ओढल्याचा आवाज झाला.

"पयलं," विलास म्हणाला.

आवाज गोल आणि खोल होता. पायरीतून तो अंगात चढला. आपल्या गिटारीत एवढी खोली आहे, हे सौरभला माहीतच नव्हतं. त्यानं मोबाइलवर टिपून ठेवलं: ऊबदार, संथ गाण्यांना उत्तम.

 मग विलास म्हणाला, "दुसरं."

हा पहिल्याचा सख्खा वैरी. घट्ट, खरखरीत, प्रत्येक सूर दात दाखवत येणारा. ढोल-ताशाच्या गलक्यातही हा हरवला नसता. साठ हजारांच्या मशीनमध्ये याहून वेगळं काय असणार, असं सौरभच्या मनात आलं. हे कुठल्या कंपनीचं, असं त्यानं न वळता विचारलं.

"नाव शेवटी सांगतो. तिसरं ऐका."

तिसरा आवाज आखूड होता. ठप्प उमटायचा आणि मागं शेपूट न सोडता विझायचा, मातीत मूठ आपटावी तसा. सौरभ टिपून घ्यायचंच विसरला. लहानपणी गाणी ऐकताना शब्दांच्या खाली, पार तळाशी हेच काहीतरी चालू असायचं आणि त्याच्यापायीच तो या वाद्याकडे वळला होता. मधल्या वर्षांत ते कधी निसटलं, त्याला कळलंही नव्हतं.  एवढ्याशा डब्यात हे भरून ठेवणारा माणूस केवढा कारागीर असेल, असं त्याला वाटून गेलं.

वाजणं थांबलं तरी तो भाताकडेच बघत राहिला.

"तिसरं," तो शेवटी म्हणाला. "किंमत तुम्ही सांगाल ती."

"नक्की? पयल्या दोन्हींत काय कमी हाय?"

"कमी काही नाही. पण हे मशीन डोळे झाकून घेतो, दादा."

विलास उत्तर देणार तोच फाटकापाशी स्कूटर थांबली. त्याची बायको रेश्मा उतरली आणि पायाशी ठेवलेली जड पिशवी उचलून पडवीत आली. पिशवीतून तिनं एकापाठोपाठ एक तीन डबे काढले आणि सौरभच्या शेजारी पायरीवर मांडले.

"रिसॉर्टवाल्याची किल्ली आत्ता कुटं गावली," ती नवऱ्याला म्हणाली. "कालपास्नं तिन्ही मशीनं तितंच कुलपात पडल्याली. पावण्यांना लई ताटकळत बसवलं का ओ?"