बिब्याचे हात

खेमसिंगच्या सुनेचे हात स्वच्छ कसे राहतात, हे हंसाबाईला काही केल्या कळेना.

होळी झाली की तांड्यावरच्या बाया लिंबाखाली बिबे फोडायला बसत. बिबा बोटांत धरून दगडावर टेकवायचा, एकच घाव घालायचा आणि आतली गोडंबी अख्खी काढायची. गोडंबी लोकांच्या लाडवात जाते, टरफलातलं तेल मात्र फोडणारीच्या हातावर राहतं. ते लागलं की कातडी उतते, फोड येतात, आणि मग काळी पडते ती पडतेच. महिनाभरात हात कढईच्या बुडासारखे होतात. त्यातही हंसाबाईचे सगळ्यांत काळे, कारण तीस वर्षांत तिच्याइतकी अख्खी गोडंबी कोणी काढली नव्हती. अर्ध्या तांड्याला तिनंच शिकवलेलं.

आणि ही जया! टोपली सगळ्यांच्या बरोबरीनं भरते, अन् हात बघावे तर शाळेतल्या बाईचे. "नवराच फोडून देत असन तिले," बाया कुजबुजत. जया कडेला पाठ करून बसे, ओढणी हातांवर ओढून.

बाकीच्यांना नुसतं कुतूहल होतं. हंसाबाईचा त्यात जीव अडकला होता. तिची लेक उर्वशी आठ-नऊ दिवसांत तान्हं घेऊन येणार होती. मागच्या खेपेला हंसाबाईनं थोरल्या नातवाला मोठ्या हौसेनं उचललं, गाल कुरवाळला, आणि दुसऱ्या दिवशी त्या गालावर टरटरून फोड उठले. डाग अजून आहे. त्यानंतर कोणी पोर तिच्या हाती दिलं नाही. तिनंही मागितलं नाही. पण आतल्या आत फार लागलं होतं तिला.

आता विचारायचं कसं? जी सगळ्या तांड्याची मास्तरीण, तिनं बावीस वर्षांच्या पोरीची शिकवणी लावायची? छे!

शेवटी एका सकाळी विरजणाचं निमित्त काढून, रिकामी वाटी घेऊन ती खेमसिंगच्या घराकडं गेली. जया अंगणात एकटीच होती. हंसाबाई कुडाआड थबकली आणि मान लांब करून पाहू लागली. पोरीनं आधी कोपरापर्यंत खोबरेल तेल चोपडलं. मग दहाही नखं साबणाच्या वडीत रुतवली. नखांत साबण भरला, म्हणजे दुसरं काही शिरायला जागाच नको. मग ओढणीखालून काढली चक्क पक्कड! तिचा नवरा शाम वायरमन होता, त्याची. बिबा पक्कडीत धरला, राखेत घोळवला, दगडावर ठेवून ठोकला. उडालेलं तेल राखेतच जिरलं. गोडंबी अख्खी.

"अव माय!" हंसाबाईच्या तोंडून निघून गेलं.

जया दचकली आणि पक्कड लपवायला गेली.

"लपवतं कायले? इतके दिस आमाले काहून नाही सांगितलं व?"

"तुमीच तं म्हनलं होतं, काकी." जयानं मान खाली घातली. "पयल्याच दिसी. पक्कडीनं बिबा फोडते ते बाई कायची, म्हने. साऱ्या हासल्या. मंग मी लपवूनच करून राह्यली."

बोलली होती खरी. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलीही तीच होती. हंसाबाई जयासमोर मटकन बसली आणि आपले दोन्ही हात तिच्यापुढं धरले.

"हे होतीन का साफ? आठ दिसात?"

जयानं हात उलटेपालटे करून पाहिले. "कायेपना जानार नाही, काकी. कातडी सुटाले दोन-तीन महिने पायजेन. पन कायेपनानं उतत नाही, उतते ते ओलं तेल. आठ दिस बिब्याले हात लावू नका. रोज आधी खोबरेल तेल लावून पुसा, मंग राख, मंग साबन. नखंही कापून टाका."

"तीस वरसात मले हे कोनी सांगितलं नाही."

"तुमाले सांगनार कोन?" जया म्हणाली.

आठ दिवस हंसाबाई लिंबाखाली फिरकली नाही. ऐन हंगामात! बायांनी विचारलं तर म्हणे, "हात धुवून राह्यली." बाया एकमेकींकडं बघत. आठ दिवस कोणी हात धुतं का?

नवव्या दिवशी उर्वशी आली. ऑटोतून उतरली, तान्हं छातीशी धरलेलं. आईचे हात पुढं आले, आणि उर्वशीच्या नकळत तिचं पाऊल मागं गेलं. दुपट्याचं टोक तिनं पोराच्या गालावर ओढलं.

"याडी, हात तं तसेच हायत व तुये."

हंसाबाईला सांगायला पुष्कळ होतं. तेलाचं, राखेचं, नखांचं. पण थोरल्याच्या गालावरचे फोड पाहिलेली आई समोर उभी होती, तिला शब्दांनी काय पटणार? तिनं डोळे मिटले. दोन्ही काळे तळवे आपल्याच पापण्यांवर ठेवले आणि खसाखसा घासले. मग ओठांवर, मग गळ्यावर.

"याडी! डोये जातीन ना!"

"जात नाहीत. मी अठीच बसते सकायपर्यंत. तू मायाकडं पाह्यत राह्य. उतलं नाही, तं मंग दे पोरगं." आणि ती उजेडाकडं तोंड करून ओट्यावर बसली.

उर्वशीनं सकाळपर्यंत वाट पाहिली नाही. दिवेलागणीलाच तिनं पोरगं आईच्या काळ्या हातांत दिलं.